मागच्या ओळीचे पैसे पावसाळ्यानंतर द्या

'मॅडम, मागचा पडदा असा उठवून देतो की शेजारी बघत राहतील,' असं गाडीतून उतरता उतरता म्हणणारा बागेचा कंत्राटदार ज्यांच्या दारात येऊन गेलाय किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं मनातली जळजळ बाहेर काढायलाही लिहितेय, ते लपवत नाही.

कंपाउंडच्या भिंतीलगत वाफा करायचा होता. पुढे बुटकी, मध्ये मध्यम, मागे उंच झाडं, हे काही कोणाला शिकवायला नको. मागच्या ओळीसाठी कर्दळ, सोनटक्का आणि हेलिकोनिया ही निवड माझी होती आणि आजही ती मला पटते. जमिनीखाली कंद धरून वर्षानुवर्षं टिकणारी, बऱ्यापैकी उंच वाढणारी आणि पुण्याच्या हवेला न रुसणारी फुलझाडं यांच्याशिवाय आहेत किती? कंत्राटदारांनी आणलेल्या अल्बममध्ये डेल्फिनियमचे निळे तुरे होते. ते थंड प्रदेशात दरवर्षी उगवून येतात, आपल्याकडे हिवाळ्यापुरते पाहुणे, हे त्यांना मीच सांगितलं. त्यांनी हसून पान उलटलं.

कर्दळीचे गड्डे पोत्यातून आले, एकालाही पान नाही. 'पानं काय, येतीलच की!' हेलिकोनियाच्या पिशव्यांवर नाव नाही. मी छोट्या जातीची, पोपटाच्या चोचीसारख्या लहान केशरी फुलांची मागणी केली होती. उंची किती होईल, हे मेसेज करून विचारलं होतं. '४ फूट' हे त्यांचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे, कोणाला बघायचं असेल तर दाखवते.

पावसाळा सुरू झाला, कर्दळ वर आली आणि पानांवर शिरांच्या कडेकडेने पिवळे पट्टे दिसू लागले. आधी मला वाटलं, रंगीत पानांची जात असेल, तशी असतेही. पण तिचे पट्टे स्वच्छ, ठसठशीत असतात. इथे पट्टे तुटक होते, पुढेपुढे तेच तपकिरी होऊन वाळायचे आणि फूल यायचं ते चुरगळलेलं. फोन केला. 'पाणी जास्त होतंय.' पाणी कमी केलं. 'आता खत कमी पडतंय.' खत त्यांनीच टाकलं, बिल वेगळं. मग फवारणी झाली, तिचंही बिल वेगळं. शेवटी वाफ्यापासून दहा पावलांवर उभं राहून, एका पानाला हात न लावता ते म्हणाले, 'मॅडम, तुमच्या मातीतच दोष आहे.' आमच्या माळीदादांनी त्या मातीत घातलेलं शेणखत मी डोळ्यांनी पाहिलेलं. ते बिचारे मान खाली घालून उभे. त्यांना तसं उभं राहावं लागलं, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

उलगडा झाला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका सोसायटीत कोणाकडे तरी गेले होते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना कर्दळ, तीच पिवळी-लाल, आणि पानांवर तेच तुटक पट्टे. रखवालदाराला विचारलं, बाग कोणी केली? नाव तेच निघालं. माती वेगळी, पाणी वेगळं, माळी वेगळा, आणि पट्टे मात्र हुबेहूब! मी तिथेच उभी राहिले. सांगायला लाज नाही, मला आधी आनंदच झाला. माझी माती निर्दोष होती.

ओळखीतल्या, वनस्पतिरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांना पान नेऊन दाखवलं. त्यांनी ते उजेडापुढे धरलं आणि म्हणाले, विषाणू. कर्दळीत असे विषाणू असतात. ते गड्ड्यातच राहतात आणि एका रोगट झाडाचे तुकडे करून वाढवले की प्रत्येक तुकड्याबरोबर पुढे जातात. काही विषाणू माव्यामार्फतही पसरतात. औषध नाही. खत नाही, फवारणी नाही, पाणी कमी-जास्त करणं नाही. उपटायचं आणि बाहेर टाकायचं. म्हणजे ज्या फवारणीचं बिल मी भरलं, तिचा या रोगाशी काडीचाही संबंध नव्हता. हे कळवल्यावर कंत्राटदारांचं उत्तर: 'आजकाल सगळीकडेच असं येतंय मॅडम.' त्यानंतर फोन उचलणं बंद.

हेलिकोनियाचं थोडक्यात सांगते. ४ फुटांची म्हणून दिलेली जात दुप्पट वाढून भिंतीच्या वर गेली, फुटवे पसरत मधल्या ओळीत शिरले आणि वळवाच्या वाऱ्यात पानं फाटून शेजारच्या काकांच्या गाडीवर पडू लागली. काका सज्जन आहेत. ज्याने बोलणी खायला हवी होती, तो आलाच नाही.

आता कामाचं.

कर्दळ पानावर असतानाच घ्या, नुसते गड्डे घेऊ नका. पान उजेडासमोर धरून बघा, उलटं करून बघा. शिरांच्या बाजूने तुटक पिवळेपणा दिसला तर सोडून द्या. खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. तो बुरशीचा आहे. रोगट पानं काढून, दाटी कमी करून आटोक्यात ठेवता येतो. विषाणू मात्र आटोक्यात ठेवता येत नाही. उपटलेले रोगट गड्डे कंपोस्टमध्ये टाकू नका, शेजारणीला तर मुळीच देऊ नका. कोयता, कुदळ नीट धुऊन, निर्जंतुक करून मगच दुसऱ्या झाडाला लावा.

हेलिकोनिया फुलावर असतानाच घ्या. नुसत्या पानांवरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. एका दांड्याला एकदाच फुलोरा येतो. तो संपला की दांडा जमिनीलगत कापायचा, नाहीतर आत नुसती गचपण होते. पसरणारी जात असेल तर वाफ्यात फरशी उभी गाडून तिला हद्द घाला.

सोनटक्क्याला ओल आणि अर्धी सावली लागते. पश्चिमेच्या तापलेल्या उन्हात पानांची टोकं करपतात. माझा कोपरा पूर्वेचा, म्हणून तो एकटा सुखात आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो तेव्हा वास घरभर येतो. त्याचे कंद कंत्राटदारांचे नव्हते, मावशींच्या परसातले होते.

भिंतीचा हिशोब करा. वाफा दक्षिणेच्या भिंतीला लागून असेल, तर पुण्यात डिसेंबरात भर दुपारी ६ फुटी भिंतीची सावली साडेपाच फुटांच्या आसपास पडते. ४ फुटी वाफा पुरता झाकला जातो. जूनमध्ये तिथेच डोक्यावर ऊन. कर्दळ तिथे लांबट होऊन झुकली तर टेकू देत बसू नका, तिला ऊन हवंय. भिंत आणि मागची ओळ यांत दोन फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर कापणीला आत शिरणार कोण? आणि लावणीआधी भिंतीच्या कडेने पहार मारून बघा. बांधकामाचा राडारोडा आणि मुरूम तिथेच पुरलेला असतो. पाणी वेळेवर द्या, तण काढा, ते सगळे सांगतातच.

पुढची ओळ दर हंगामात बदलता येते. मागची एकदा रुजली की उपटायला पहार आणि दोन माणसं लागतात. म्हणून झाडाचं नाव, जात आणि पूर्ण वाढलेली उंची बिलावर लिहून घ्या. रोगट किंवा भलतंच झाड निघालं तर बदलून मिळेल, हेही लिहून घ्या. आणि कंत्राटदार कितीही गोड बोलो, निम्मी रक्कम एक पावसाळा सरेपर्यंत हातची सोडू नका. यावर जो रागावेल, त्याला काम देऊच नका.