टॅक्सीचालकांची एकजूट

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. तेथील कुंकू प्रसिद्ध आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान केमचे स्थानक लागते. समजा, या गावचा एखादा शेतकरी आजारी मुलाला दाखविण्यासाठी मुंबईस गेला आणि स्थानकाबाहेर येऊन काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसला. शहर अनोळखी, रस्ते अनोळखी आणि चालकही अनोळखी! तरीसुद्धा उतरताना दोघांना घासाघीस करावी लागत नाही. मीटरवर जो आकडा दिसेल तो एकाने द्यावा आणि दुसऱ्याने घ्यावा, असा नियम आहे. मुलांनो, हा आकडा कोण ठरवितो? आणि तो न्याय्य आहे, हे कशावरून समजावे?

मुंबईत टॅक्सी प्रथम १९११ साली आली. तोपर्यंत भाड्याने वाहन हवे असल्यास घोडागाडी बोलवावी लागे. पुढे काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी ही मुंबईची ओळखच होऊन बसली. ‘प्रीमियर पद्मिनी’ या मोटारीने तर कित्येक दशके शहराची सेवा केली. टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

टॅक्सी चालविणे हा वरवर पाहता स्वतंत्र व्यवसाय वाटतो. पण त्यावर नियमांची अनेक बंधने असतात. गाडीला परवाना लागतो, चालकाला बिल्ला लागतो आणि भाड्याचा दर शासनाने नेमलेले परिवहन प्राधिकरण ठरविते. हे योग्यच आहे. असा नियम नसता, तर पावसात अडकलेल्या किंवा रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाकडून वाटेल तेवढे पैसे मागता आले असते. दुबळ्याचे रक्षण करणे हेच नियमाचे प्रयोजन होय.

परंतु याच नियमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाजीचे भाव कडाडले की भाजीवाला आपला दर वाढवितो. टॅक्सीचालकाला तसे करता येत नाही. इंधन महागले, सुटे भाग महागले, घरभाडे वाढले, तरी मीटर मात्र जुन्याच दराने चालतो. ज्याची स्वतःची गाडी नसते, त्याला तर मालकाची ठरलेली रक्कम आधी बाजूला काढावी लागते. उरेल त्यात घर चालवावयाचे! बारा तास चाक हाती धरूनही हातात पुरेसे पैसे पडत नसतील, तर त्या चालकाने गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे? कचेरीत एकटा गेला, तर त्याचा अर्ज इतर अर्जांच्या गठ्ठ्यात पडून राहणार.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तथापि टॅक्सीचालकांना एकत्र आणणे सोपे नव्हते. गिरणीतील कामगार एका छपराखाली काम करतात. भोंगा झाला की एकाच दाराने बाहेर पडतात. टॅक्सीचालक मात्र शहरभर विखुरलेले असतात. त्यांची भाषा वेगळी, प्रांत वेगळा. शिवाय एकाने घेतलेले गिऱ्हाईक दुसऱ्याला मिळत नाही. अशा माणसांना आपले हित एकच आहे, हे पटवून देणे हे मोठेच काम होते.

हे काम करणाऱ्यांत जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव अग्रभागी आहे. मंगळूरचा हा तरुण १९४९ साली कामाच्या शोधात मुंबईस आला. आरंभी त्याने चौपाटीवरच्या बाकावर रात्री काढल्या. पुढे त्यांनी मुंबईतील टॅक्सीचालकांची संघटना बांधली आणि १९६७ साली ते दक्षिण मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. ‘मुंबई टॅक्सीमेन्स युनियन’ या संघटनेचा कारभार नंतर ए. एल. क्वाड्रोस यांनी दीर्घकाळ सांभाळला.

संघटनेमुळे काय साधते, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. २०२२ साली टॅक्सीत भरावयाचा सीएनजी वायू फार महाग झाला. टॅक्सीचे किमान भाडे त्या वेळी २५ रुपये होते. ते दहा रुपयांनी वाढवावे, अशी संघटनेची मागणी होती. सप्टेंबरमध्ये तिने संपाचा इशारा दिला. शासनाने प्रतिनिधींना चर्चेस बोलाविले, संप स्थगित झाला आणि १ ऑक्टोबरपासून किमान भाडे २८ रुपये झाले. पुढे १ फेब्रुवारी २०२५ पासून ते ३१ रुपये करण्यात आले. ध्यानात घ्या, पहिल्या वेळी मागितले दहा आणि मिळाले तीन! तरी एकही दिवस शहराची गैरसोय न होता प्रश्न पुढे सरकला. लढणे म्हणजे भांडणेच नव्हे. आपले म्हणणे हिशेबानिशी मांडणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे, हाही लढ्याचाच भाग आहे.

हिशेबाचे महत्त्व येथे विशेष आहे. भाड्याचे सूत्र ठरविण्यासाठी शासनाने हकीम समिती नेमली होती. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा आणि चालकाच्या कुटुंबाचा निर्वाह या साऱ्यांची बेरीज करून दर काढावा, असा विचार तिने २०१२ साली मांडला. परंतु प्रवाशांवर फार बोजा पडेल, म्हणून ‘मुंबई ग्राहक पंचायत’ या ग्राहकांच्या संस्थेने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. नंतर खटुआ समितीने या प्रश्नाचा नव्याने विचार केला. म्हणजे चालक जसे संघटित झाले, तसे प्रवासीही झाले. दोन्ही पारड्यांत वजन पडले, तरच तराजूचा काटा मध्यावर येतो.

हक्काबरोबर कर्तव्य येतेच. योग्य कारण नसताना भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये गुन्हा आहे. जवळचे अंतर आहे म्हणून वृद्ध प्रवाशाला नाही म्हणणारा चालक स्वतःच्या सर्व बांधवांची मागणी दुबळी करतो. कारण लोकांची सहानुभूती हे कोणत्याही संघटनेचे मोठे भांडवल असते.

अलीकडे या व्यवसायाचे रूप पालटले आहे. मोबाइलवर बोट ठेवले की गाडी दारात येते. या गाड्यांचे भाडे मात्र बऱ्याच अंशी कंपनीचे संगणक ठरवितात. प्रवासी एक रक्कम देतो आणि त्यातील कंपनीचा भाग वजा होऊन उरलेली चालकाला मिळते. हा वाटा अपुरा आहे, म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील ओला व उबर या कंपन्यांच्या चालकांनी संप केला. जुलै २०२५ मध्येही असे चालक आझाद मैदानावर जमले. त्याच महिन्यात केंद्र शासनाने राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वतःच्या गाडीवर काम करणाऱ्यास भाड्यातील किमान ८० टक्के वाटा मिळावा आणि कंपनीने चालकांचा विमा उतरवावा, असे त्यांत म्हटले आहे. गर्दीच्या वेळी प्रवाशाकडून मूळ भाड्याच्या दुपटीपेक्षा अधिक घेऊ नये, असेही बंधन त्यांत आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशातला नाही. अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरातही टॅक्सीचालकांची संघटना आहे. तिच्या नेत्या भैरवी देसाई यांचा जन्म गुजरातमधला. तेथील चालकांनी परवाने विकत घेण्यासाठी प्रचंड कर्जे काढली होती. पुढे परवान्यांच्या किमती कोसळल्या, पण कर्जे तशीच राहिली. तेव्हा २०२१ साली चालकांनी पंधरा दिवस उपोषण केले आणि अखेर कर्जाचा बोजा हलका करण्याची योजना शहराच्या शासनाने मान्य केली.

मुलांनो, मोठ्या शहरांचे व्यवहार अशा असंख्य अनाम श्रमिकांच्या बळावर चालतात. त्यांना दया नको असते. त्यांना घामाचे योग्य मोल आणि नियम करताना आपलेही म्हणणे ऐकले जावे, एवढीच अपेक्षा असते. ज्यांच्यासाठी नियम करावयाचा, त्यांनाही विचारून तो करणे हीच लोकशाहीची रीत होय. उद्या तुमच्यापैकी कोणी चालक होईल, कोणी अधिकारी होईल आणि प्रवासी तर सर्वच जण व्हाल. त्या वेळी तराजूच्या दोन्ही पारड्यांकडे पाहावयास विसरू नका.

स्वाध्याय

१. टॅक्सीचे भाडे शासनाने ठरविणे का योग्य आहे?
२. टॅक्सीचालकांना संघटित करणे गिरणी कामगारांपेक्षा कठीण का होते?
३. ‘दोन्ही पारड्यांत वजन पडले, तरच तराजूचा काटा मध्यावर येतो.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीचा अनुभव देणारा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या गावातील एखाद्या वाहनचालकाला भेटून त्याच्या एका दिवसाच्या जमाखर्चाचा तक्ता तयार करा.