खाट उन्हाळ्याआधीच ताणून घ्या

होळी झाली की आमच्या माळेगाव बुद्रुकमध्ये माणसं अंगणात झोपायला लागतात. पत्र्याखाली मध्यरात्रीपर्यंत घामाच्या धारा, आणि शेतीची वीज रात्रीची असली की मोटार चालू करून मळ्यातच पडावं लागतं. वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली खाट तेव्हा बाहेर निघते आणि बहुतेक घरांत ती आहे तशीच वापरात येते.

माझा चुलतभाऊ उसाला पाणी द्यायला गेला, त्या रात्री मळ्यातल्या खाटेची नवार मधोमध उसवली होती. बसलं की बूड भुईला टेकायचं. म्हणून त्यानं बांधाशेजारी पोतं अंथरलं आणि खालीच आडवा झाला. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. चावल्याची खूण नाही, सूज नाही. घरच्यांनी अपचन समजून ओवा दिला. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना, बोलणं जड झालं. तेव्हा चुलती म्हणाली, "अरे, हे पोटाचं दुखणं न्हाई. मण्यार चावलीय, गाडी काढा." बारामतीत प्रतिविष मिळालं, श्वासासाठी यंत्र लावावं लागलं, पण पोरगं वाचलं.

मण्यार रात्रीच हिंडते. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला अनेकदा काही कळतच नाही. पुढे विषानं स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. भुईवर झोपणाऱ्यांना तिचा धोका सगळ्यात जास्त. त्यामुळे खाट नीट करणं हे काम मी आता होळीच्या आधीच उरकतो.

आधी खाट कडक उन्हात टाका. लाकडी माचव्याच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, ढेकूण तिथेच दडलेले असतात. खूर हलत असतील तर पाचर ठोकून घ्या. नवार सोडून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ती दोन्ही हातांनी ओढून बघताना धागे करकरले किंवा कड फाटली तर ती पट्टी काढून टाका. ठिगळावर माणसाचं वजन पेलत नाही. विणताना एकानं पट्टी ओढावी, दुसऱ्यानं गाठ मारावी. एकट्यानं ताण बसत नाही. मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला मधोमध बसवून बाजूनं वाकून बघा. झोळ भुईपासून हातभर तरी वर राहिला पाहिजे, नाहीतर पुन्हा ताणा. लोखंडी घडीच्या खाटेचे गंजलेले खिळे बदला, पायांची रबरी बुचं तपासा.

खाट कुठे टाकता, हेही तितकंच महत्त्वाचं. सरपण, कडब्याची गंजी, कोंबड्यांचं खुराडं आणि उसाची कड यांच्यापासून लांब. जिथं उंदीर, तिथं साप. गोधडी भुईवर लोंबू देऊ नका, तिला धरून मण्यार वर येऊ शकते. मच्छरदाणी लावाच, आणि तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती सोडलेली मच्छरदाणी सापासाठी उघडं दारच. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप कमी चावतात, असं 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. डासांसाठी घेतलेली वस्तू इथंही कामी येते. बॅटरी उशाशी ठेवा आणि पाय खाली टाकण्याआधी उजेड पाडा.

एवढं करूनही पहाटे कुणाचं पोट विनाकारण दुखलं, पापण्या झुकल्या, तर ओवा, देवऋषी, दोरी बांधणं, ब्लेड मारणं यात एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करा, माणसाला चालवू नका आणि जिथं प्रतिविष आहे तिथंच न्या. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही: आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं.