नाबोथाचे ‘नाही’ आणि पाड्याचे प्रश्न

शास्त्रवाचन: 1 राजे 21:1-19



मागच्या तिमाहीत आपल्या कार्यक्षेत्रातील एका पाड्यावरून निरोप आला. सबस्टेशनजवळच्या गुरचरणावर वीज साठवण्याचा बॅटरी प्रकल्प येणार आहे आणि लोकांचा त्याला विरोध आहे. त्याच आठवड्यात प्रकल्पाच्या बाजूचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “ताई, लोकांचा तुमच्या मिशनवर विश्वास आहे. तुम्ही समजावलंत तर सह्या होतील.” मी “बघते” म्हणाले. खरे सांगते, मनातून मी निम्मी तयार झाले होते. सूर्याची वीज चांगली, मग विरोध कशाला? आपल्यापैकी काही जणांनीही मला हेच विचारले. म्हणून हा अभ्यास.

गरज खरी आहे

सौरवीज दुपारी भरपूर मिळते, पण मागणी वाढते ती संध्याकाळी. दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची तर साठवण लागते. त्यासाठी मोठमोठ्या कंटेनरांत लिथियमच्या बॅटऱ्या बसवतात. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, राजनांदगाव येथे, सौर प्रकल्पाला जोडून 40 मेगावॅटची अशी साठवण उभी राहिली आहे. कोळसा कमी जाळायचा असेल तर हे लागणारच.

भीतीही खरी आहे

एप्रिल 2019 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अशा एका बॅटरी केंद्रात स्फोट होऊन आग विझवायला गेलेले जवान गंभीर जखमी झाले. 16 जानेवारी 2025 रोजी कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे 300 मेगावॅटच्या केंद्राला आग लागली. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि महामार्ग बंद करावा लागला. आजूबाजूला शेतीचा मुलूख. लिथियम बॅटरीतला एक सेल तापला की शेजारचा तापतो. आग विझली असे वाटले तरी पुन्हा पेट घेते, आणि धुरात विषारी वायू असतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॉस लँडिंगच्या त्या बॅटऱ्या एका जुन्या इमारतीत एकत्र ठेवलेल्या होत्या. आता बहुतेक ठिकाणी कंटेनर उघड्यावर, एकमेकांपासून अंतर राखून ठेवतात आणि तुलनेने कमी पेटणाऱ्या प्रकारच्या बॅटऱ्या वापरतात. धोका शून्य होत नाही, पण कमी होतो.

नाबोथाच्या गावचे वडीलजन

आता शास्त्रभागाकडे वळू. अहाब राजाने नाबोथाला दिलेला देकार वाईट नव्हता. द्राक्षमळ्याच्या बदल्यात याहून चांगला मळा, नाहीतर रोख पैसे. नाबोथ ‘नाही’ म्हणाला, कारण तो मळा त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे भूमी परमेश्वराची असते आणि माणूस तिच्यावर उपरा म्हणून राहतो (लेवीय 25:23). मोबदला योग्य असला तरी ‘नाही’ म्हणण्याचा हक्क संपत नाही. अहाबाचे पाप तिथून सुरू झाले. त्याला ते ‘नाही’ ऐकवेना.

हा अध्याय मी अनेकदा शिकवला आहे. अहाब, ईजबेल, एलीया यांच्यावर बोलले आहे. या वेळी माझी नजर आठव्या वचनावर अडली. ईजबेलीने राजाची मोहर लावून पत्रे पाठवली ती नाबोथाच्याच गावच्या वडीलजनांना आणि प्रतिष्ठितांना. ज्यांच्यावर गावाचा विश्वास होता, त्यांनीच उपास जाहीर केला, सभा बोलावली आणि खोटे साक्षीदार बसवले. त्यांच्या हातात काय होते? फक्त लोकांचा विश्वास. तो त्यांनी दुसऱ्याच्या कामाला दिला.

माझ्याकडेही तेच मागितले होते.

पाड्यावरची बैठक

मी सह्यांचा कागद न घेता गेले. झाडाखाली चाळीसएक माणसे बसली होती. एका आजीने विचारले, “ताई, ती बॅटरी माझ्या घरात उजेड देणार का?” मला उत्तर देता आले नाही. मग प्रश्न येत गेले. गुरे कुठे चारायची? आग लागली तर बंब तालुक्याहून किती वेळात येणार? आगीवर मारलेले पाणी आमच्या विहिरीकडे उतरले तर? रात्री पाडा सोडायची वेळ आली तर कोण सांगणार? यातला एकही प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

एका तरुणाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. बॅटरी बसली की पाच कोसांतल्या गायींचे दूध विषारी होते, असा त्यात दावा होता. मी त्याला सांगितले, “दादा, हे खरं नाही. खोट्याच्या आधारावर उभं राहिलात तर तुमचे खरे प्रश्नही कोणी ऐकणार नाही.” त्याला राग आला. पण नाबोथाचा बळी खोट्या साक्षीने गेला, हे आपण विसरू नये. नववी आज्ञा (निर्गम 20:16) दुबळ्याच्या बाजूने बोलणाऱ्यालाही लागू आहे.

आधी लोकांना विचारायचे, हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यातही आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मान दिला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ओडिशात नियमगिरीच्या 12 ग्रामसभांना बॉक्साइटच्या खाणीविषयी विचारले गेले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि तो मानला गेला.

आम्ही त्या दिवशी सगळे प्रश्न कागदावर उतरवले आणि ग्रामसभेपुढे लेखी ठेवायचे ठरवले. लेखी उत्तरे मिळाल्यावर पाडा ‘हो’ म्हणेल की ‘नाही’, मला माहीत नाही. ते ठरवणे माझे काम नाही. त्या गृहस्थांना मी कळवले, “सह्या मी गोळा करणार नाही. तुम्ही या, मी बैठकीला बसेन.” ते अजून आलेले नाहीत.

मनन व चर्चेसाठी

1. आपल्या घरातल्या दिव्याची किंमत कोण देतो, याचा विचार आपण कधी केला आहे का?
2. नाबोथाच्या गावच्या वडीलजनांनी काय करायला हवे होते? त्यांना कशाची भीती वाटली असेल?
3. दुर्बळांची बाजू घेताना आपण पडताळणी न करता काही पुढे पाठवतो का?

प्रार्थनेचे विषय

पाड्याच्या ग्रामसभेसाठी, की लोक न घाबरता आणि खरे बोलोत. अधिकाऱ्यांसाठी व प्रकल्पवाल्यांसाठी, की त्यांना ऐकण्याचे मन मिळो. त्या तरुणासाठी, की त्याचा राग सत्याच्या कामी येवो. आणि आम्हा कार्यकर्त्यांसाठी, की लोकांनी आमच्यावर ठेवलेला विश्वास आम्ही कोणाच्या हाती देऊ नये.