डोंगरवाटेवरचं पाणी उतरवताना

गर्दीने डोंगरवाट खराब होते, हे अर्धंच खरं. पाय गवत मोडतात, माती मोकळी करतात. ती माती वाहून नेतं पाणी. वाट उतरणीच्या रेषेत सरळ खाली जात असेल तर पहिल्या जोरदार पावसातच तिचा ओघळ होतो. मग ट्रेकर घसरायला नको म्हणून कडेच्या गवतातून चालतात आणि एका वाटेच्या तीन होतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पावसाळी शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, ती पाहता वाटेवरचं पाणी बाजूला उतरवण्याचं काम दरवर्षी करण्याचंच आहे.

आधी परवानगी. जमीन वन विभागाची, गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याचाही संबंध येतो. अभयारण्यात तर हौसेने कुदळ मारणं 1972च्या वन्यजीव कायद्यात अडकवू शकतं. वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या आणि गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला सोबत घ्या. गुरं कुठून चढतात, हे गुराख्याला विचारल्याशिवाय आखणी करू नये.

पाहणी जुलैत, काम पाऊस सरल्यावर. भर पावसात वाट वरून खाली चालून पाणी कुठे शिरतं, कुठे वेग घेतं ते टिपून ठेवा. उन्हाळ्यात कोरड्या वाटेकडे पाहून केलेली आखणी बहुधा चुकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती अजून ओलसर असते, पहार सहज बसते.

काम नेहमी वरून सुरू करा. खालचं आधी केलंत तर वरचं पाणी ते उखडेल. जिथे ओघळ सुरू होतो त्याच्या थोडं वर वाटेत तिरका दगडी बांध घालायचा. आडवा नव्हे, तिरका: वाटेशी साधारण 45 अंशांचा कोन, खालचं टोक दरीच्या बाजूला. काटकोनात घातलेल्या बांधामागे गाळ साचतो आणि पाणी त्यावरून उडी मारून पुढे जातं. चढ जितका तीव्र, तितके बांध जवळजवळ.

दगड दोघांना उचलावा लागेल असा हवा. एका हाताने उचलला जाणारा दगड म्हशीच्या एका लाथेत निघतो. चर खणून दोन तृतीयांश दगड जमिनीत गाडा. प्रत्येक बांधाची सुरुवात त्याच्या खालच्या टोकापासून करा आणि कौलं चढवतात तसं वरच्या दगडाचं टोक खालच्यावर येऊ द्या, म्हणजे सांध्यातून पाणी शिरत नाही. मागे माती ठोकून घट्ट बसवा. बांधाच्या तोंडाशी फावड्याच्या रुंदीचा पाट काढून पाणी गवतात किंवा कातळावर सोडा. मोकळ्या मातीवर सोडलंत तर तिथे नवा ओघळ पडेल. शेवटी हंडाभर पाणी ओतून पाहा.

दगडाबद्दल दोन गोष्टी. तटबंदीचा, जोत्याचा, टाक्याचा घडीव दगड कितीही सोयीचा वाटला तरी त्याला हात लावायचा नाही. आणि पडलेला दगड उलटताना पलीकडची कड आपल्याकडे उचला. खाली फुरसं किंवा विंचू असेल तर त्याला समोरून निघून जाता येतं.

आधीच पडलेल्या खोल घळीत अनघड दगडांचे छोटे बांध टप्प्याटप्प्याने रचा. गाळ साचून तळ वर येतो. शॉर्टकटची दोन्ही टोकं करवंदीच्या वाळल्या काट्यांनी आणि मोठ्या दगडांनी बुजवा. नुसत्या पाटीने कोणी थांबत नाही. बाहेरची रोपं आणून लावू नका, पाय थांबले की तिथलं गवत आपणच येतं.

सिमेंटच्या पायऱ्यांची मागणी होतेच. माझा विरोध आहे. पायरीची उंची चालणाऱ्याच्या ढांगेशी जुळली नाही की लोक तिच्या बाजूने चालतात आणि पाणीही तिथेच शिरतं.

मृग लागण्याआधी प्रत्येक बांधामागचा गाळ उपसा, पाट मोकळे करा. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. गाळाने भरलेला बांध नसल्यातच जमा, आणि उपसलेली माती वाटेतल्या खड्ड्यांना उपयोगी पडते.