सहल नियोजन कसे करावे? – दोन दिवसांत ब्रिजटाऊन



'सहलीचे नियोजन करा' असा प्रश्न आला की आपण काय करतो? दहा स्थळांची नावे लिहितो, प्रत्येकापुढे 'निसर्गरम्य' असा शब्द टाकतो आणि वही मिटतो. पण याला नियोजन म्हणत नाहीत, ही नुसती यादी झाली. वेळ थोडा असताना काय बघायचे, कोणत्या क्रमाने आणि का, हे ठरवणे म्हणजे नियोजन. आज आपण कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटाची राजधानी ब्रिजटाऊन हे उदाहरण घेऊन ते शिकू.

१. आधी नकाशा उघडा

बार्बाडोस हे कॅरिबियनमधले सर्वांत पूर्वेकडचे बेट. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी सुमारे २३. म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढे! ब्रिजटाऊन नैऋत्य किनाऱ्यावर आहे. पश्चिमेचा समुद्र शांत, तर पूर्वेला अटलांटिकच्या मोठ्या लाटा. पोहायचे असेल तर कोणता किनारा निवडाल? उत्तर नकाशातच आहे.

२. कधी जायचे?

डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. २९ जून २०२४ ला इथल्याच केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आठवतंय ना? सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल! पण त्यानंतर 'बेरिल' चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला आणि विजेता संघ काही दिवस तिथेच अडकला. जगज्जेत्यांचीही वादळापुढे काही चालली नाही. म्हणून या हंगामात जायचे असेल, तर परतीच्या आधी एक दिवस राखीव ठेवावा.

३. कागदपत्रे आणि पैसे

भारतातून थेट विमान नाही. बहुधा लंडनला किंवा अमेरिकेत विमान बदलावे लागते. थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी बार्बाडोसला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण वाटेतल्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अनेकांची गडबड इथेच होते. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघा. २ बार्बाडोस डॉलर म्हणजे १ अमेरिकी डॉलर, त्यामुळे हिशोब सोपा. आपली घड्याळे त्यांच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे आहेत. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा घरी संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. आईला फोन कधी करायचा, तेही लिहून ठेवा! आणखी एक गोष्ट. लष्करी गणवेशासारखे ठिपक्यांचे कपडे घालणे तिथे कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा. बॅग भरताना हे विसरू नका.

४. एक प्रश्न मनात धरा

आता महत्त्वाचा भाग. स्थळे निवडण्याआधी स्वतःला विचारा : या गावाबद्दल मला काय समजून घ्यायचे आहे? आपण प्रश्न घेऊ : 'साखरेवर श्रीमंत झालेले हे गाव स्वतंत्र कसे झाले?' सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे उसाचे मळे उभे केले आणि ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून राबवून घेतले. हा प्रश्न हाती असला की स्थळे आपोआप निवडली जातात.

पहिला दिवस (कामाचा वार) – पायी शहर. सकाळी केरिनेज या जुन्या बंदरापासून निघा. इथूनच व्यापार चाले. जवळच संसद भवन आहे. इथली संसदीय परंपरा १६३९ पासूनची. समोरच्या नॅशनल हीरोज चौकात १८१३ पासून इंग्रज नौसेनापती नेल्सनचा पुतळा होता. तो नोव्हेंबर २०२० मध्ये हटवला आणि पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०२१ ला, देश प्रजासत्ताक झाला. नंतर निधे इस्राएल हे ज्यू प्रार्थनास्थळ बघा. त्याची स्थापना १६५४ ची, सध्याची इमारत १८३१ च्या वादळानंतर बांधलेली. शनिवार हा ज्यूंचा पवित्र वार, म्हणूनच हा दिवस कामाच्या वारी ठेवला. दुपारनंतर बसने शहराबाहेरच्या मुक्ती पुतळ्याकडे जा. मनगटातल्या साखळ्या तोडून उभा असलेला हा माणूस. लोक त्याला 'बुस्सा' म्हणतात, कारण १८१६ च्या गुलामांच्या उठावाचा नेता बुस्सा होता. उठाव चिरडला गेला. पूर्ण मुक्ती मिळाली १८३८ मध्ये.

दुसरा दिवस – गॅरिसन आणि समुद्र. शहराच्या दक्षिणेला ब्रिटिशांची जुनी लष्करी छावणी आहे. शहर आणि छावणी मिळून २०११ पासून जागतिक वारसास्थळ आहे. छावणीच्या जुन्या तुरुंगात आता संग्रहालय आहे. समोरच्या मैदानावर ३० नोव्हेंबर १९६६ ला स्वतंत्र देशाचा झेंडा पहिल्यांदा फडकला. आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे पूर्ण होते. मग परतताना वाटेवरच्या कार्लाइल उपसागरात मनसोक्त डुंबा. संध्याकाळी केन्सिंग्टन ओव्हल बाहेरून तरी बघाच. १९७१ मध्ये आपल्या सुनील गावसकरांनी तिथे नाबाद ११७ धावा केल्या होत्या.

५. काय सोडले?

पूर्वेचा बाथशिबा किनारा सुंदर आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. म्हणून सोडला. नियोजनात 'काय सोडले आणि का' हा रकाना नक्की ठेवा. तुम्ही खरोखर विचार केला आहे, हे तिथेच कळते.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या एका गावासाठी आधी एक प्रश्न लिहा, मग एका दिवसाचे नियोजन करा.
२. सोडलेली दोन स्थळे आणि त्यांची कारणे लिहा.
३. नेल्सनचा पुतळा हटवणे योग्य होते का? तुमचे मत पाच वाक्यांत मांडा.

ब्रिजटाऊनला जाणे कधी जमेल, माहीत नाही. पण पुढच्या शाळेच्या सहलीला बसमध्ये चढण्याआधी एक प्रश्न वहीत लिहून न्या. परत आल्यावर 'मजा आली' याच्या पुढेही सांगायला काहीतरी असेल, बघा!