उपटलं की वाढणारं फूल

छत्रपती संभाजीनगरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा म्हणजे समुद्र घरीच कालवायचा. लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ, तेही आरओच्या पाण्यात. जायकवाडी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, त्यामुळे आरओमधून वाया जाणारं पाणी मी फरशी पुसायला साठवतो. ते ओतून द्यायची इथे लाज वाटते. एवढ्या खटाटोपानं उभ्या केलेल्या माझ्या दोनशे लिटरच्या टँकमध्ये सगळ्यांत सुखानं नांदला तो मी विकत न आणलेला पाहुणा. मऊ प्रवाळाच्या एका तुकड्याच्या बुडाशी पारदर्शक, तपकिरी असं काहीतरी चिकटून आलं होतं. फोटो पाठवल्यावर दुकानदार म्हणाला, "सर, समुद्रफूल फुकट मिळालं तुम्हाला. राहू द्या."

त्या फुलाचं नाव एप्टेशिया. फूल कसलं, मांसाहारी प्राणी तो. बारीक देठ, वर पसरट तोंड आणि भोवती लांब, निमुळते संस्पर्शक. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, म्हणून उजेड असला की त्याचं पोट भरतं. अंधारात शैवाल गमावूनही तो पाण्यातले कण पकडून जगतो. याच चिवटपणामुळे प्रवाळ आणि शैवालाचं नातं अभ्यासणारे शास्त्रज्ञ त्याला प्रयोगशाळेत पाळतात. 2015 मध्ये त्याचा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. आपल्याला मात्र त्याची एकच सवय महाग पडते. तो सरकताना बुडाचे बारीक तुकडे मागे ठेवतो आणि त्या प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी होतो. कुळवलेली हरळी कांडीकांडीतून फुटते, तसा हा. चिमट्यानं ओढा, ब्रशनं घासा, ब्लेडनं खरवडा; तुम्ही पेरणीच करत असता.

त्यात मराठवाड्याचा उन्हाळा त्याच्या बाजूचा. पारा चाळिशीपार, हवा कोरडी, टँकचं पाणी भराभर उडतं आणि क्षारता चढते. वीज गेली की चिलर बंद, पंप बंद. प्रवाळ आक्रसून बसतात, एप्टेशिया मात्र हात पसरून उभा. मे महिना संपेस्तोवर माझ्या खडकाच्या फटी, पंपाची जाळी, एवढंच काय, टँकखालच्या अंधाऱ्या जोडटाकीतले, म्हणजे संपमधले पाइपसुद्धा त्यानं व्यापले होते. शेजारच्या प्रवाळांना त्याचा डंख बसतो, ते मिटतात, आणि मोकळी झालेली जागा त्याची होते.

मारायच्या आधी ओळख पक्की करा. पिसांसारखे संस्पर्शक असलेला आणि नळीत राहणारा प्राणी दिसला, तर तो निरुपद्रवी किडा आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. संस्पर्शक आखूड, टोकाशी फुगीर आणि हिरवट असतील, तर तो मजानो. दिसायला देखणा, म्हणून लोक कौतुकानं ठेवतात आणि पुढच्या वर्षी उपाय विचारत फिरतात.

मला सर्वांत कामी आला तो चुना. खायचा चुना आणि परदेशी शौकिनांची महागडी पावडर ही दोन्ही कॅल्शियम हायड्रॉक्साइडच. पण पानटपरीवरच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय याचा भरवसा नाही, तेव्हा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून शुद्ध पावडर आणावी. आरओच्या थोड्या पाण्यात ती जाडसर कालवून बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरायची. पंप बंद करायचे. हाताची सावली पडली तरी प्राणी फटीत शिरतो, म्हणून सुई बाजूनं, सावकाश न्यायची. तोंडावर आधी थोडासाच चुना सोडायचा, आणि तो गिळायला लागला की वरून पूर्ण झाकून टाकायचा. पाव-अर्ध्या तासानं पंप सुरू. एका बैठकीत चार-पाचच. चुन्यानं पीएच झपाट्यानं चढतो, तो 8.5 च्या वर सरकू लागला की उरलेल्यांना त्या दिवशी अभय द्यायचं. सगळे एकदम संपवायला निघालेला माणूस मासे संपवतो.

लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा उकळतं पाणी टोचूनही एप्टेशिया मरतो, पण अर्धवट राहिला तर आठवड्याभरात भोवती पिल्लं दिसतात. आणि चुना हाताळताना डोळ्यांवर चष्मा हवाच. चुन्याची पुडी डोळ्यात फुटून मुलांची नजर अधू झाल्याची प्रकरणं नेत्रतज्ज्ञांना नवी नाहीत.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. घरातून सल्ला आला, "खडक बाहेर काढ आणि मोठ्या पातेल्यात उकळ." ऐकायला अगदी शहाणपणाचा. पण त्याच खडकावर झोआ आणि पॅलिथोआ जातीचे मऊ प्रवाळ असू शकतात, आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. खडक उकळला किंवा गरम पाणी ओतून घासला की ते वाफेतून, तुषारांतून हवेत येतं. मग ताप, धाप, छातीत दुखणं, डोळ्यांची आग. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला 2018 साली टँकमधला प्रवाळ हलवताना अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचलं होतं. म्हणून असे प्रवाळ असलेला खडक उकळायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही, प्रेशरच्या फवाऱ्यानं धुवायचा नाही. हातमोजे घालूनच हात लावायचा, हाताला जखम असेल तर तेव्हाही नाही. ज्या खडकावर हे प्रवाळ नाहीत तो गच्चीवर काही आठवडे उन्हात टाकला तर एप्टेशिया मरतो. मात्र उपयोगी जिवाणूही मरतात, त्यामुळे टँकची घडी पुन्हा बसवावी लागते.

एप्टेशिया खाणारे प्राणी आणावेत का? आणावेत, पण पारखून. पेपरमिंट कोळंबी लहान एप्टेशिया खाते, मोठ्यांच्या नादी फारशी लागत नाही, आणि तिचं पोट आपणच भरत असू तर लहानांकडेही बघत नाही. मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यातून, रात्रीच्या बसनं माझ्यासाठी आलेली जोडी मुळात पेपरमिंट नव्हतीच, कॅमल कोळंबी होती. तिनं एप्टेशिया सोडून माझे मशरूम प्रवाळ कुरतडले. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक असतं, त्यावर बारीक लाल रेघा. लाल रेघांमध्ये ठळक पांढरे ठिपके-पट्टे दिसले आणि पाठीला पोक असलं, तर घेऊ नका. कॉपरबँड बटरफ्लाय मासा एप्टेशिया आवडीनं खातो, पण त्याला मोठा टँक लागतो आणि दुसरं अन्न तो सहसा पटकन धरत नाही. दोनशे लिटरमध्ये त्याला आणणं म्हणजे त्याची उपासमार विकत घेणं. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियावर जगते. मिळाली तर उत्तमच, पण शिकार संपली की तीही भुकेनं मरते, म्हणून पुढचा गरजू शौकीन आधीच हेरून ठेवावा.

माझ्या मते निम्मं युद्ध चमच्यावर ठरतं. गोठवलेलं आर्टेमिया हे माशांचं खाद्य वितळल्यावर गाळणीत धुतलं आणि माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकलं, तेव्हा कुठे नव्या पिल्लांची गती मंदावली. संपमधले काही एप्टेशिया अजून आहेत. त्यांच्याशी मी तह केला आहे. वर दिसला की चुना.

प्रवाळाचा नवा तुकडा आता थेट टँकमध्ये जात नाही. वेगळ्या डब्यात, उजेडात, थोडं अन्न देत तो महिना-दीड महिना राहतो, म्हणजे दडलेलं काय ते वर येतं. आणि "समुद्रातला लाइव्ह रॉक स्वस्तात" असं कुणी म्हणालं तर किमतीआधी कायदा आठवावा. अशा खडकावर असू शकणारे दगडी प्रवाळ आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेतल्या प्रवाळ वसाहतीसुद्धा 2020 मध्ये परवानगी घेऊनच हलवाव्या लागल्या. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे खडक बाजारात मिळतात. सिमेंटचे असतील तर पीएच चढायचा थांबेपर्यंत पाणी बदलत काही आठवडे भिजवावेत, मगच टँकमध्ये ठेवावेत.