पुढच्या दातांत फट, आताच तार लावायची का?

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. वरच्या पुढच्या दातांत फट आहे. सासूबाई म्हणतात, सगळे दात येऊ देत, मग बघू. थांबू का?
– एक आई, पिशोर (ता. कन्नड)

उत्तर : ताई, घाबरू नका. या वयातली फट बहुधा नैसर्गिक असते. 11-12व्या वर्षी सुळे आले की बरेचदा आपोआप मिटते. तारेची घाई नको, पण तपासणी लांबवू नका. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, ती अंगठा चोखत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर जबडा वाढत असतानाच उपचार सोपे जातात. आणि किडलेली दुधाची दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून उपटू नका. शेजारचे दात सरकून पक्क्या दाताची वाट अडते. काढावीच लागली, तर जागा राखणारी पट्टी बसवता येते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदा दाखवून या.